खंडेनवमीचं पाणी

"ही कोणाची करामत?" कडुबा मिस्त्रीनं बॉनेटखालून डोकं वर काढलं. त्याच्या काळ्या बोटावर तुळशीचं एक पान चिकटलं होतं, सडून तपकिरी झालेलं.

चिकलठाण्याच्या त्या गॅरेजात मुक्ताबाई बाकावर बसल्या होत्या. थोरल्या सुदर्शननं त्याची जीप सर्व्हिसिंगला आणली होती, त्याच्यासोबत त्याही आल्या. घरी करमत नव्हतं. धाकटा राजकुमार नऊलाच आपली जीप घेऊन चाळीसगावला लग्नाला गेला होता आणि त्याची सहा वर्षांची संस्कृती पुढच्या सीटवरून आजीला हात हलवत गेली होती.

गेला अर्धा तास मिस्त्री सुदर्शनची बिनपाण्यानं करत होता. पुस्तकात लिहिलेले किलोमीटर भरल्यावर गाडी आणणं हे गुळगुळीत रस्त्यावर एकट्यानं फिरणाऱ्या साहेबाला शोभतं. धुळीत, उन्हात, दहा माणसं कोंबून घाट उतरणारी गाडी निम्म्यातच आणायची असते. सुदर्शन मान खाली घालून ऐकत होता. मुक्ताबाईंना मनातून बरंच वाटलं, कारण त्यांचं तो कधी ऐकत नसे.

पान पाहून तर त्यांचा चेहरा उजळलाच.

"माझंच हाय ते. खंडेनवमीला गाड्या मीच पुजते ना! हळदीकुंकू, नारळ तर सगळेच करतेत. मी पैठणहून आणलेलं गोदागंगेचं पाणीबी तुळशीचं पान टाकून घालते. वरून शिंपडलं की वाळून जातंय, म्हणून टोपण उघडून आत. घोटभर."

"कोणत्या टोपणात, मावशी?"

"त्याच की. एवढुशी डबी, निम्मीच भरलेली. तहानलेली दिसली."

कडुबा हसला नाही.

"मावशी, ही ब्रेकच्या तेलाची डबी हाय. घाटात सारखा ब्रेक दाबला की हे तेल लई तापतंय. त्यात पाणी असलं की ते उकळतंय. मग पाय पार तळाला टेकला तरी गाडी थांबत नाय."

सुदर्शननं वाकून डबीत पाहिलं. गेल्या महिन्यात चाळीसगावच्याच वाटेवरच्या कन्नडच्या घाटात त्याचा पाय असाच तळाला टेकला होता. हँडब्रेक ओढून त्यानं गाडी डोंगराला घासवली होती आणि घरी काही बोलला नव्हता. आता बोलला.

 पाणी घालताना मुक्ताबाईंनी डोळे मिटून दोन्ही पोरांची नावं घेतली होती, हे त्यांना स्वच्छ आठवलं.

"राजकुमारला फोन लाव," त्या म्हणाल्या.

"त्याच्या गाडीतबी घातलंस, आई?"

"फोन लाव आधी!"

सुदर्शननं लावला. तो संपर्कक्षेत्राबाहेर असल्याचं फोनमधल्या बाईनं शांतपणे सांगितलं. त्यानं पुन्हा लावला. कडुबानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. अकरा वाजून गेले होते.

"घाटाला लागला असंल," तो हळूच म्हणाला.

मुक्ताबाई उभ्या राहिल्या. धरायला काही सापडेना, तशी त्यांनी उघड्या बॉनेटची कड धरली.

"त्याच्या गाडीत मी जरा जास्तच घातलं होतं," त्या म्हणाल्या. "पोरगी बसती ना तिच्यात."