मिस्त्रींच्या तीन खुणा

"मला फसवणारा अजून जन्माला यायचाय," मिस्त्री म्हणाले आणि शिलाई मशीनच्या पोटात तेलाचे दोन थेंब सोडले.

शेजारचा शिंपी स्टुलावर बसून मोबाइल चाळत होता. "ते खरंच. पण तुमचं चॅनेल दिसत का नाहीये?"

चॅनेल बंद झालं होतं. कारण दिलं होतं : स्पॅम आणि फसवणूक.

मिस्त्रींचे मशीन दुरुस्तीचे दोनशे बारा व्हिडिओ होते. ते बघणाऱ्यांना कोणी तरी 'तुम्ही मशीन जिंकलात, कोड पाठवा' असे मेसेज टाकायला लागलं. लोक सावध व्हावेत म्हणून मिस्त्रींनी एक व्हिडिओ काढला. फसवणाऱ्याच्या तीन खुणा सांगितल्या : गोड बोलतो, घाई करतो आणि उत्तर हो की नाही एवढंच मागतो. डोक्यात पक्कं बसावं म्हणून तो मेसेजही चौदा वेळा वाचून दाखवला. व्हिडिओ कंपनीच्या तपासणी यंत्राने चौदाही वेळा नीट ऐकला आणि मिस्त्रींनाच चोर ठरवलं.

"बाकीचे गेले तर जाऊ देत," बायको म्हणाली. "पहिले अकरा तेवढे परत आणा."

पहिल्या अकरांत मिस्त्रींचे वडील होते. मशीन उघडणारे त्यांचे हात आणि मधूनच 'अरे, जोर नको लावू' म्हणणारा आवाज. आता वडील नव्हते आणि ज्या फोनवर ते शूटिंग केलं तो फोनही नव्हता. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

तीन आठवडे मिस्त्री रोज अपील करत होते. दर वेळी चार सेकंदांत उत्तर यायचं : तुमच्या भावना आम्ही समजू शकतो.

"चार सेकंदांत कुणाच्या भावना समजतात का?"

"तुम्हाला एकोणीस वर्षांत माझ्या समजल्या नाहीत," बायको म्हणाली. "ते निदान म्हणतात तरी."

मग मिस्त्री प्रत्येक अपिलाखाली एकच ओळ लिहायला लागले : मला जिवंत माणसाशी बोलायचंय.

सोमवारी फोन आला. "अपील विभागातून बोलतोय. तुम्हाला एक कोड आलाय, तो सांगा." मिस्त्रींनी त्याला सुईच्या पाकिटावरचा नंबर सांगितला आणि फोन ठेवला. तो किस्सा गल्लीभर झाला.

गुरुवारी परत फोन. "अपील विभागातून बोलतेय."

शिंप्याने डोळा मारला. मिस्त्रींनी स्पीकर लावला.

"तुम्हाला फार त्रास झाला. मनापासून माफी मागते."

मिस्त्रींनी एक बोट वर केलं.

"मुदत आज संपतेय. आत्ताच ठरवावं लागेल."

दोन बोटं.

"चॅनेल परत सुरू करायचं ना? फक्त हो किंवा नाही सांगा. नाही म्हणालात तर सगळं पुसलं जाईल."

तिसरं बोट वर गेलं आणि शिंप्याने हसू दाबायला तोंडात मोजपट्टी कोंबली.

"कोड नको का ताई?"

"नाही, कोडची गरज नाही."

बायकोने बाही ओढली. "अहो, ऐकून तरी घ्या. काही मागत नाहीये ती."

"अगं, तीच तर यांची कला." मिस्त्री फोनकडे वळले. "नाही. पुसून टाका सगळं."

"सगळे दोनशे बारा? कायमचे? खात्री आहे?"

"झाडू मारा. वर फडकंही फिरवा."

"ठीक आहे. तुमचं बोलणं नोंदवून घेतलंय."

"फ्रेम करून लावा," मिस्त्री म्हणाले आणि फोन ठेवला. शिंपी टाळ्या वाजवत उठला.

चार सेकंदांनी मेल आला. रोजची उत्तरं यायची त्याच पत्त्यावरून. 'तुमच्या विनंतीनुसार आज एका जिवंत माणसाने तुमच्याशी संवाद साधला. तुमच्या तोंडी संमतीने दोनशे बारा व्हिडिओ कायमचे पुसण्यात आले आहेत. आमची सेवा कशी वाटली, ते पाचपैकी तारे देऊन कळवा.'