डावा दिवा

“नुसतं बघायचं. बोलायचं नाही.” दाजींचे शब्द मेव्हण्याच्या कानात अजून घुमत होते, आणि काचेपलीकडे पुलांचा गुंता जवळ येत होता.

एकावर एक चढलेले रस्ते. कुठला कुठे जातो ते पाट्यांवर लिहिलेलं होतं. पण पाटी वाचून होईपर्यंत फाटा मागे पडायचा. डावीकडून एक टँकर घुसला. दोन दुचाक्या ट्रकच्या पुढच्या चाकाशी लगट करून निसटल्या. ड्रायव्हर मामांचे डोळे या आरशातून त्या आरशात फिरत होते. हात मात्र स्टिअरिंगवर शांत, जपमाळेवर असावेत तसे.

“पाहुणे, पट्टा लावा,” मामा म्हणाले. “पाळत ठेवणाऱ्यालाही दंड होतो.”

मेव्हण्याने मुकाट्याने पट्टा ओढला. म्हणजे याला कळलं होतं तर. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

दाजींचा, म्हणजे त्याच्या बहिणीच्या नवऱ्याचा, धंदा याच ट्रकवर उभा राहिला होता. तेव्हा ते स्वतः चालवत. आता ट्रकांची रांग होती आणि दाजी काचेच्या खोलीत संगणकाच्या पडद्यासमोर बसत. कुठला ट्रक कुठे आहे ते त्यांना तिथे दिसे. हा जुना ट्रक सरळ बंदराच्या रस्त्याला लागत नाही, रोज वरच्या पुलावर चढतो, उगाच वळसा घेतो आणि मग खाली येतो, हेही त्यांना तिथेच दिसलं होतं. गेल्या महिन्यात त्यांचा दुसरा एक ट्रक पुलापलीकडे लुटला गेला. आतल्या माणसाशिवाय खबर जाते कशी? “मामांचं काही निघालं तर उद्यापासून मामा घरी,” दाजी म्हणाले होते. “मग त्यांची जागा तू सांभाळ.”

बहिणीकडे बसून खाणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? मेव्हणा सकाळीच ट्रकभोवती फेरी मारून आला होता. उजवा दिवा पांढरा, डावा पिवळा.

“हा बदलत का नाही, मामा?”

“चालतोय की.”

चालतोय! लांबून ट्रक ओळखायला याहून चांगली खूण कुठली?

आता बंदराची पाटी समोर आली. सरळ जायचं. मामांनी डावा इशारा लावला. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. एका मोटारीतून कोणीतरी मामांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. मामांनी हात वर करून त्यालाही वाट दिली आणि ट्रक वरच्या पुलावर चढवला.

वर तिन्हीकडची वाहनं एकत्र येत होती. ट्रक गोगलगाय झाला. पुलाला खेटून एक जुनी इमारत होती. तिच्या चौथ्या मजल्याच्या खिडक्या थेट केबिनसमोर. एका जाळीवर पांढरा टॉवेल वाळत होता.

मामांनी दिवे मारले. एकदा. पुन्हा एकदा.

जाळीतून एक हात आला. टॉवेल आत गेला.

मेव्हणा मामांकडे वळला. “मामा, रस्ता चुकला का?”

“नाही.”

“मग खूण कोणाला केलीत?”

मामांनी आरशात पाहिलं, टँकरला पुढे जाऊ दिलं आणि ट्रक खाली उतरवला.

संध्याकाळी काचेच्या खोलीत मेव्हण्याने मामांसमोरच सगळं ओकून टाकलं. दिवे, हात, टॉवेल. “दाजी, माझ्या या डोळ्यांनी पाहिलं. सामील आहेत सगळे.”

दाजींचा आवाज चढला नाही, उतरला. “मामा, खरं सांगा. ती खिडकी कोणाची?”

मामांनी किल्ली टेबलावर ठेवली.

“तुमच्या आईची, मालक.”

त्या घरी मेव्हणा जेवून आला होता; पण खालच्या गल्लीतून, जिन्याने. स्वयंपाकघराची खिडकी पुलावर उघडते हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

“ही किल्ली दिलीत तेव्हा तुम्हीच म्हणालात,” मामा सांगू लागले. “‘मामा, जाताना वरच्या पुलावरून दोनदा दिवे मारत जा. मी सुखरूप आहे हे दिसल्याशिवाय आई जेवत नाही. धंद्याची घडी बसली की मी स्वतः जाईन, तोवर एवढं करा.’ बंद करा असं तुम्ही नंतर कधी म्हणाला नाहीत.”



“आणि तो पिवळा दिवा?” दाजींनी विचारलं.

“तुमच्याच वेळचा आहे. आईंना आता धड दिसत नाही. तेवढा ओळखतात. टॉवेल आत घेतात आणि पानावर बसतात.”

“तिला वाटतं...”

“हो. तुम्हीच चालवताय.”

दाजींनी पडद्याकडे पाहिलं. रोजचा तो वळसा तिथे तसाच उमटलेला होता. त्यांनी हात लांब करून पडदा बंद केला.

दुसऱ्या दिवशी दाजी सगळ्यांच्या आधी आले. काचेच्या खोलीचं कुलूप त्यांनी उघडलं नाही. फडक्याने डावा दिवा पुसला. आज मालकच चालवणार असं वाटून मामांनी किल्ली पुढे केली. दाजींनी ती त्यांच्याच मुठीत मिटवली आणि पायी फाटकाकडे निघाले.

“दाजी, गाडी काढू का?” मेव्हण्याने विचारलं.

दाजींनी मानेनेच नको म्हटलं. मग मामांकडे वळून हळूच म्हणाले, “मामा, दिवे रोजच्यासारखे मारा. टॉवेल आज मी आत घेईन.”