मांडीतली गोळी

केंटकीत नव्या रस्त्यासाठी टॅलमन घराण्याच्या कबरी हलवत होते. मूळपुरुष जेडेडाया स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांशी लढला आणि मांडीतली गोळी घेऊनच इथलं रान तोडायला आला, ही कथा त्याच घराण्यातली लोरीना मजुरांनाही ऐकवत होती.

"मालक कुठला लढतोय! त्यानं आपल्या बदली आमच्या जोसायाला धाडलं, असं आजी सांगायची," टॅलमनांच्या गुलामांच्या वंशातली ओडेसा म्हणाली.

"तुझी आजी काहीही सांगायची गं!" लोरीना हसली.

संगमरवराखाली जेडेडायाच्या मांडीचं हाड धड निघालं. गोळी सापडली कुंपणापलीकडे, गुलामांच्या रांगेत, जोसायाच्या हाडात रुतलेली.

लोरीना हाडाकडे वाकली. मग म्हणाली, "मेल्यांनी तेव्हा दगडच चुकीचे लावलेत! उचला आजोबांना, ठेवा या झेंडा गुंडाळलेल्या पेटीत."

 

ओडेसाच्या डोळ्यांदेखत जोसाया पुन्हा एकदा मालकाच्या बदली निघाला.