कडेगावहून फोन

फोन वाजला तेव्हा मानसिंग उंबराच्या झाडाखाली बसला होता. पाटणच्या वरच्या पठारावर धुकं अजून विरलं नव्हतं. थोड्या अंतरावर त्यांच्या फुलपाखरू गटातली क्रांती आणि बाकीची मंडळी खुळखुळ्याच्या वाळक्या झुडपांतून पाण्यात चालल्यासारखी हळूहळू फिरत होती. पावसाळ्याच्या तोंडावर घाटातली फुलपाखरं पूर्वेला निघतात. कुठवर जातात ते कळावं म्हणून ही माणसं सुट्टीच्या सकाळी इथं यायची. गारठून बसलेलं फुलपाखरू अलगद धरायचं, पंखाला कागदाची इवली टिकली चिकटवायची आणि सोडून द्यायचं. टिकलीवर त्याचा क्रमांक आणि गटाच्या मोबाईलचा नंबर.

तो मोबाईल मानसिंगकडं असे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन तो उंब्रजला परतला होता. पहिल्याच दिवशी त्याच्या जाड बोटांत एक पंख चुरगळला. तेव्हापासून तो फुलपाखराला हात लावत नसे.

"तुमचा नंबर एका फुलपाखरावर हाय बगा," पलीकडून एक बाई म्हणाली. "आमच्या गच्चीवर आलंय. कुरडया वाळत घातल्यात, तितंच बसलंय मगापासनं. नातीनं भिंगातनं नंबर वाचून दिला."

मानसिंग सावरून बसला. आवाज शालूबाईचा होता, त्याच्या थोरल्या बहिणीचा.

आई शालूबाईकडंच वारली. मानसिंग तेव्हा सीमेवर होता. तो पोचला दहाव्याला. माझी वाट न बघता आईला जाळलंस, असं तो चारचौघांत बहिणीला म्हणाला आणि उष्ट्या हातानं निघाला. त्यानंतर दोघांत एक शब्द झाला नव्हता.

फोन क्रांतीच्या हातात देता आला असता. त्यानं दिला नाही. नेहमी विचारायचं असतं तेच विचारलं.

"गाव कुठलं?"

"कडेगाव."

"पंख धड हायत?"

"एक जरा फाटलाय कडंनं. पन उडतंय."

"तुमचं नाव?"

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माजं नाव तुला ठावं न्हाई व्हय रं?"

धुक्याचा एक पट्टा दोन झुडपांमधून सरकत गेला. क्रांती दिसेनाशी झाली, पुन्हा दिसली.

"आक्का," मानसिंग म्हणाला.

"फौज सोडलीस म्हनं."

"व्हय."

"आन् आता फुलपाखरं धरतोस?"

"मी न्हाई धरत. फोन घेतो."

शालूबाई हसल्यासारखी वाटली. मग म्हणाली, "उडालं बग."

"कुटं गेलं?"

"उगवतीकडं. उसावरनं."

आता ती फोन ठेवणार, असं त्याला वाटलं. बोलायचं निमित्त तर उडून गेलं होतं. पण ती तशीच थांबली. तिच्या गच्चीवरचा वारा त्याला ऐकू येत होता.

"बरफावर ठिवली हुती आईला," ती म्हणाली. "तुज्यासाटी. सगळी म्हनत हुती उचला, मी न्हाई उचलू दिलं. मग मलाच बगवंना, रं."

मानसिंगनं गवताची काडी मोडली, पुन्हा मोडली.

"मला कुनी सांगितलं न्हाई."

"तू सांगू दिलंस का?"

त्यानं तोंडावर पालथा हात धरला. श्वासावरून तिला काही कळू नये असं त्याला वाटत होतं. पण तिला ते कळलं असावं. ती मऊ आवाजात म्हणाली, "तितं लय हायत का रं असली?"

त्यानं वर पाहिलं. उंबराच्या फांद्यांना सुकल्या पानांसारखे पंख मिटून हजारो फुलपाखरं लटकली होती.

"लय हायत, आक्का."

"कशी दिसत्यात?"

तेवढ्यात धुकं फाटलं. ऊन झाडावर पडलं आणि शेंड्यापासून खालपर्यंत एकेक फांदी उघडत गेली. तपकिरी झाड निळं झालं. आवाज कसलाच नव्हता.

मानसिंगनं फोन कानापासून काढला आणि हात लांब करून झाडाकडं धरला.