नामाची पाठ
भागूबाईच्या नवऱ्याला मुंबईच्या गिरणीत काम लागलं; आता आंधळ्या आईला कुठं ठेवावं, हा घोर होता. खालापुरात मोतीबाई नावाची विधवा निराधार माणसांना सांभाळते, असं ऐकून ती आईला घेऊन कडावहून आली, पण नुसत्या ऐकण्यावर विसंबणार नव्हती. तिनं पेज चाखली, गोधड्या हुंगल्या. मग कोपऱ्यात पडून असलेल्या नामा नावाच्या माणसापाशी थांबली. बोरघाटात आगगाडीच्या कामावर सुरुंग उडाला, त्यात त्याची कंबर मोडली. तेव्हापासून तो अंथरुणात होता. भागूबाईला बाप आठवला. पडून पडून त्याच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. घरात माणसं असूनही त्या टळल्या नव्हत्या. "पाठ बघू का, दादा?" तिनं विचारलं. नामा हसला. एका लंगड्या म्हाताऱ्यानं आणि एका हातानं थोट्या बाईनं त्याला अलगद कुशीवर वळवलं. पाठ लेकराच्या पाठीसारखी नितळ होती. भागूबाई बघतच राहिली. "कामाला किती बाया ठेवल्यात?" तिनं विचारलं. "एक बी नाय," मोतीबाई म्हणाली. "हितली माणसंच एकमेकांचं करतात." एवढ्यात आई चाचपडत पुढं आली. तिनं नामाच्या पाठीवरून हात फिरवला. "घाम आलाय याला. फडकं द्या गं." फडकं हातात पडताच ती पुसायला बसली. भागूबाई तिच्याजवळ वाकली. "आये, मी निघू का मग?" "निघ. पर आधी याला तिकडनं धर. दुसरी कूस पुसायची हाय." भागूबाईनं पदर खोचला.