मतदानाची तालीम

“बीप वाजला का?” अनंत सरांनी विचारलं.

“नाही,” दशरथमामा म्हणाले.

“मग निघालात कुठे? बाहेर चहा सांगून ठेवलाय का?”

विहाराच्या सभागृहात हशा पिकला. मामा ओशाळून पुठ्ठ्याच्या यंत्रापाशी परत आले. बीप राधा तोंडानेच वाजवायची. पण चौथं बटण दाबल्याशिवाय वाजवायचा नाही, असा सरांचा हुकूम होता.

महापालिकेच्या मतदानाची हीच तर गोम होती. प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे, म्हणून एकेकाने चार बटणं दाबायची. मागच्या खेपेला येरवड्याच्या या वस्तीतली निम्मी माणसं एकच बटण दाबून बाहेर पडली. आतले अधिकारी खेकसले, रांगेतले लोक हसले, आणि म्हाताऱ्यांनी पुन्हा तिकडे फिरकायचं नाही असं ठरवून टाकलं. राधाची सासू त्यांतलीच. तो दिवस आठवला की राधाचा अजून संताप व्हायचा, आणि संतापून काही होत नाही हे कळून रडू यायचं.

या खेपेला प्रश्न वस्तीचाच होता. नवी घरं इथेच बांधून द्यायची, की सगळ्यांना उचलून हडपसरच्या पलीकडे नेऊन टाकायचं, हे नव्या नगरसेवकांच्या हाती जाणार होतं. अर्ज, मोर्चे, साहेबांच्या दारात ताटकळणं, सगळं करून झालं होतं. कोणी दाद दिली नव्हती. आता हाती उरलं होतं ते फक्त मत.

बँकेतून सुटली की राधा वस्तीच्या महिला मंडळातल्या बायकांना घेऊन दारोदार फिरायची. यादीतून गळालेली नावं त्यांनी एकेक करून परत घालून घेतली. तालमीची कल्पना अनंत सरांची. सर म्हणजे तिच्याच बँकेतले निवृत्त अधिकारी, राहायला शनिवार पेठेत. पुठ्ठ्याचं यंत्र आलं ते त्यांच्या सुनेच्या कृपेने. स्पृहा शाळेत शिक्षिका, यंदा निवडणुकीच्या कामावर. प्रशिक्षण संपल्यावर उरलेल्या सामानाची पिशवीच तिने सासऱ्यांच्या हवाली केली होती.

सरांना अर्धवट काही खपायचं नाही. त्यांनी ओळखपत्रासाठी एक टेबल मांडलं, सहीसाठी दुसरं, आडोशाला साडी लावली. मग पिशवीतला मार्कर राधाच्या हाती दिला आणि आधी स्वतःचं बोट पुढे केलं.

“डाव्या हाताची तर्जनी, राधाताई. मागितल्याबरोबर पुढे करायची सवय लागू दे सगळ्यांना. अंगठी मागितल्यासारखे हात लपवतात आपले लोक.”

राधाने सरांच्या नखावर रेघ ओढली, मग स्वतःच्या, मग रांगेतल्या एकेकाच्या. सासूने हात पदराखाली घेतला होता. राधाने तो हळूच बाहेर काढला. “आई, मी आहे ना,” ती म्हणाली. सासूने चारही बटणं बरोबर दाबली तेव्हा राधाने बीप जरा जास्तच जोरात वाजवला.

माणसं घरी परतत होती तेवढ्यात बजरंग आला. वस्ती हलवायला निघालेल्यांचा हा माणूस.

“वैनी, उद्या सकाळी महाबळेश्वरची बस हाय. नाष्टा, जेवण, समदं फुकट. मंडळाला घेऊन या.”

“उद्या मतदान आहे.”

“म्हणून तर सुट्टी हाय!”

तो हसत पुढच्या दाराकडे वळला. महाबळेश्वर कोणी पाहिलंय इथे? पोरं हट्ट धरतील, आया पाघळतील. ती पुन्हा घरोघर गेली. कोणी मतदानाला हो म्हणालं, कोणी नुसतं “बघू” म्हणालं. कोणाला बांधून थोडंच ठेवता येतं!

सकाळी भाकरी थापताना नखावरची रेघ दिसली आणि तिला उगाच धीर आला.

ती कोपऱ्यावर गेली तेव्हा बस उभी होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला होता. आत फक्त बजरंग आणि नाष्ट्याची खोकी. वस्तीतलं एकही माणूस चढलं नव्हतं. तिकडे शाळेच्या मैदानात, मतदानाच्या खोलीपुढे, अख्खी वस्ती रांगेत होती. बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या. सासूचा हात आज पदराबाहेर होता. सगळ्यांत पुढे, इस्त्रीच्या सदऱ्यात, दशरथमामा.

राधाचे डोळे भरून आले. फोन आत न्यायला बंदी, म्हणून ती फाटकाबाहेर थांबली होती. सगळ्यांचं झालं की मग आपण जायचं, असं तिने ठरवलं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

“सर! या एकदा इकडे. रांग बघायला तरी या!”



“राधाताई, मी मत न देता बाहेर आलोय,” सर म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. “जन्मात पहिल्यांदा.”

“म्हणजे? नाव नव्हतं यादीत?”

“नाव होतं. त्यांनी बोट बघितलं. म्हणाले, आजोबा, तुमचं मत देऊन झालंय. मी काल साबण लावला, आज लावला... ताई, तो मार्कर खरा होता.”

“मामा!” राधा फाटकातून ओरडली. पोलिसाने काठी आडवी धरली.

खोलीच्या उघड्या दारातून टेबल दिसत होतं, साहेब दिसत होते. आणि साहेबांनी मागायच्या आतच दशरथमामांनी हसतमुखाने डावं बोट पुढे केलं.