गार टायर

निवलेला चहा. खुर्चीवर उलटं हेल्मेट. उघड्या चाकांची, एकट्यापुरती शर्यतीची गाडी. सरावातून उतरलेली वहिनी. दिराने टायरवर तळहात ठेवला. "अजून गारच!" "कंपनीच भिकार," वहिनी फणकारली. "विजेते म्हणे हेच लावतात! उद्या शर्यतीला काय लावणार, भाऊजी?" दुसऱ्या कंपनीचे टायर कोपऱ्यात होते, वेगात मागे, पण हळू चालवली तरी तापणारे. हे मात्र गाडी पिटाळल्याशिवाय तापत नाहीत; गार टायर रस्ता धरत नाही. सांगावं तर ती दुखावणार, न सांगावं तर उद्या घसरणार. "वहिनी, टायर चांगलेत. तुम्ही भिंतीजवळच्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलता." ती हातमोजा काढत राहिली. "तुमच्या भावाला कळलंय?" "नाही." "मग दुसरे चढवा. त्याला सांगा, स्वस्त पडले." मागच्या मोसमात त्याच वळणावर गाडी उलटली, तेव्हा पट्टा कापून तिला दिरानेच बाहेर काढलं होतं.